राळ्याची पेज आणि सोलापुरी टॉवेल

चीनला निघताना मी पिशवीत दोन वस्तू आठवणीने ठेवल्या होत्या. एक शेंगा चटणीची मोठी पुडी आणि दुसरा आमच्याच मागावर विणलेला एक पांढरा टॉवेल. चटणी तर सोलापूरचा कोणताही माणूस प्रवासाला निघताना घेतोच. टॉवेल मात्र एका कामासाठी घेतला होता आणि ते काम शिजियाझुआंग शहरात करायचे होते.

यजमानांचा टॉवेलचा व्यवसाय आहे. हेबेई प्रांतात बाओडिंगजवळ गाओयांग नावाचा तालुका टॉवेलच्या उत्पादनासाठी चीनभर प्रसिद्ध असून तेथील नवे माग पाहून येण्याचा त्यांचा विचार बरीच वर्षे चालला होता. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी शिजियाझुआंगला वैद्यकीय शिक्षण घेत असल्यामुळे, ते एक दिवस गाओयांगला जातील आणि तो दिवस मी भाचीसोबत घालवीन, असे ठरले. एप्रिलचा पहिला आठवडा होता. बीजिंगच्या पश्चिम स्थानकावरून सुटलेल्या जलद गाडीने २८१ किलोमीटरचे अंतर सव्वा तासाच्या आसपास कापले. सोलापूर आणि पुण्यातील अंतर याहून थोडेसेच कमी आहे. खिडकीबाहेर सपाट, कोरडा, गव्हाचा मुलूख पसरला होता आणि मधूनमधून उंच झाडांच्या सरळ रांगा दिसत होत्या.

शिजियाझुआंग ही हेबेईची राजधानी असली तरी ते जुने राजेशाही शहर नव्हे. रेल्वेचे रूळ येथे एकमेकांना मिळाले, म्हणून विसाव्या शतकात एका खेड्याचे शहर झाले आणि १९५० च्या दशकात येथे एकामागून एक कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलच्या आठवणी ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला गिरणीच्या भोंग्यावर जगलेले शहर ओळखायला फार वेळ लागत नाही. रुंद रस्ते, कामगारांच्या जुन्या वसाहती आणि सकाळी सहा वाजताच गजबजलेल्या न्याहारीच्या टपऱ्या पाहून मला इथे परके वाटले नाही.

न्याहारीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण चीनला जाऊ इच्छिणाऱ्या शाकाहारी मंडळींच्या मनात पहिली काळजी हीच असते. आमचे घर माळकरी. भाचीने माझ्यासाठी एका कार्डावर चिनी अक्षरांत लिहून ठेवले होते की, या बाई मांस, मासे आणि अंडी खात नाहीत, मांसाच्या पाण्यात शिजवलेली भाजीही त्यांना चालत नाही. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण वरून शुद्ध भाजी दिसणाऱ्या वाडग्यात रस्सा अनेकदा हाडांचा असतो. तेथे शाकाहाराला ‘सू’ म्हणतात. मंदिरातील भिक्षूंच्या जेवणालाही हाच शब्द वापरतात आणि त्या जेवणात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, हे कळल्यावर मला आपल्या चातुर्मासाची आठवण झाली. एवढा एक शब्द आणि ते कार्ड यांच्या बळावर मी दिवसभरात एकदाही उपाशी राहिले नाही.

टपरीवर एक गृहस्थ ‘गांगलू शाओबिंग’ भाजत होते. गांग म्हणजे मातीचा मोठा रांजण. तो आडवा बसवून आत विस्तव केलेला असतो आणि तीळ लावलेली मैद्याची चौकोनी पोळी पाण्याचा हात लावून रांजणाच्या आतल्या अंगाला वरच्या बाजूने थापायची असते. त्या गृहस्थांचा हात कोपरापर्यंत त्या धगीत जात होता आणि तितक्याच सहजतेने बाहेर येत होता; चुलीतली भाकरी चिमटा न घेता फिरवणाऱ्या माझ्या आजीचा हात मला तेथे दिसला. भाजलेला शाओबिंग वरून खुसखुशीत, आतून पदर सुटलेला आणि तिळाच्या वासाने भरलेला असतो. स्थानिक लोक त्यात मांस किंवा अंडे घालून घेतात. मी तो कोराच मागितला, मधोमध उघडला आणि त्यात शेंगा चटणी भरली. सोबत सोयाबीनचे गरम, बिनसाखरेचे दूध होते.

त्या गृहस्थांचे लक्ष माझ्या पुडीकडे गेले. भाचीने त्यांना सांगितले की हे शेंगदाणे, लसूण, तिखट आणि मीठ असे उखळात कुटलेले असते. त्यांनी चिमूटभर चटणी तळहातावर घेतली, आधी हुंगली, मग तोंडात टाकली आणि म्हणाले, “श्यांग!” मी अर्थ विचारला. भाची क्षणभर अडली आणि मग म्हणाली, “मावशी, याला मराठीत एकच शब्द आहे. खमंग.” तिळाचा वास, भाजलेल्या दाण्यांचा वास, तव्यावर तापलेल्या तेलाचा वास, या सगळ्यांना तेथे श्यांग म्हणतात. मी अर्धी चटणी एका कागदात बांधून त्यांना दिली आणि त्यांनी आमच्याकडून शाओबिंगचे पैसे घेतले नाहीत.

तेथून आम्ही हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत गेलो. उत्तर चीनच्या लष्करी विभागातील हुतात्म्यांसाठी शहराच्या मध्यभागी बांधलेले हे विस्तीर्ण उद्यान आहे. उंच सदाहरित झाडे, फरसबंद वाटा आणि शहराच्या गोंगाटातही टिकून राहिलेली शांतता. येथेच कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधी आहे आणि येथेच आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांची.

भैय्या चौकातील कोटणीसांच्या स्मारकावरून मी आयुष्यात किती वेळा गेले असेन याची गणती नाही. शाळेत शिक्षिका असताना दर वर्षी १० ऑक्टोबरला, त्यांच्या जन्मदिनी, मी मुलांना त्यांची हकीकत सांगत असे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा मुलगा मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डॉक्टर झाला. १९३८ मध्ये, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती केली, काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले आणि पाच जणांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि अठ्ठाविसाव्या वर्षात असलेले कोटणीस. चीनमध्ये या पाचही जणांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडण्यात आले, ज्याचा अर्थ चीन. कोटणीस झाले के दिहुआ. समाधीवर हेच नाव आहे, आणि चिनी माणसे त्यांना याच नावाने ओळखतात.

मुलांना सांगताना एक गोष्ट मी नेहमी घाईने सांगून पुढे जात असे, ती म्हणजे वडिलांच्या मृत्यूची. पथक चोंगछिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली. परत फिरण्याची मुभा होती. ते परत फिरले नाहीत. पुढे येनानला गेले आणि तेथून आघाडीवरच्या डोंगराळ मुलखात. सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्याची त्यांची हकीकत १९४० च्या लढाईतली आहे. १९४१ मध्ये ते बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले आणि त्याच वर्षी ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. दोघांची पहिली भेट बेथ्यून यांच्या समाधीच्या अनावरणाच्या वेळी झाली होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, फेफऱ्याच्या आजाराने कोटणीस गेले. वय होते ३२ वर्षे. सैन्याने मदतीचा हात गमावला आणि राष्ट्राने मित्र गमावला, असे माओ झेडाँग यांनी तेव्हा लिहिले होते.

समाधीसमोर उभे राहिल्यावर यांतले काहीच मला आठवले नाही. पुतळ्याचा चेहरा तरुण आहे. माझा मुलगा आज त्यांच्यापेक्षा वयाने मोठा आहे, एवढी एकच गोष्ट मनात आली आणि डोळे भरून आले.

आमच्या भेटीचा आठवडा मुद्दाम निवडलेला नव्हता, पण तो छिंगमिंगचा आठवडा निघाला. ४ किंवा ५ एप्रिलला येणाऱ्या या दिवशी चिनी लोक आपल्या पूर्वजांच्या समाध्या झाडून-पुसून स्वच्छ करतात आणि तेथे फुले वाहतात. आपल्याकडे पितरांसाठी भाद्रपदातला पंधरवडा असतो, तसा त्यांचा हा दिवस. उद्यानात शाळेची मुले रांगेने येत होती, आजी-आजोबा नातवंडांना हाताशी धरून फिरत होते आणि चौथऱ्यांवर पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचे गुच्छ ठेवलेले होते. शेवंती पाहून मला बरे वाटले. आपल्या ओळखीचे फूल.

मी टॉवेल काढला. पाण्याच्या बाटलीतून त्याचे एक टोक ओले केले आणि चौथऱ्याची कड पुसायला लागले. भाची कुजबुजली, “मावशी, चालेल ना ग हे?” जवळच उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी ते ऐकले असावे. त्यांनी भाचीला आम्ही कुठल्या, असे विचारले आणि भाचीने उत्तर दिले की माझी मावशी के दिहुआंच्या गावची आहे. त्या बाई काही क्षण माझ्याकडे पाहत राहिल्या. मग आपल्या हातातल्या गुच्छातून त्यांनी एक पांढरी शेवंती वेगळी केली, माझ्या हातात दिली आणि समाधीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “के दायफू.” दायफू म्हणजे डॉक्टर. जणू शेजारच्या गल्लीतल्या, वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या डॉक्टरांचे नाव घ्यावे, तसे त्यांनी ते घेतले. मी फूल वाहिले. टॉवेलची घडी घातली तेव्हा त्याच्या टोकाला करडी धूळ लागली होती.

तिथून निघायला उशीर झाला, त्यामुळे झाओ तालुक्यातला सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीचा दगडी कमानीचा पूल पाहण्याचा बेत रद्द केला आणि शहराच्या उत्तरेला, हुतुओ नदीपलीकडे असलेल्या झेंगडिंग या जुन्या नगरात गेलो. पोहोचलो तेव्हा भूक लागली होती. झेंगडिंगची ओळख ‘आठ मोठे वाडगे’ या पंगतीच्या जेवणामुळे आहे: चार मांसाहारी, चार शाकाहारी. शाकाहारी वाडग्यांत टोफू, मुळा, समुद्री शेवाळ आणि पिठाच्या पारदर्शक शेवया असतात. भाचीने कार्ड दाखवून नीट चौकशी केली तेव्हा मालकीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितले की चारही वाडग्यांत रस्सा मांसाचाच आहे. त्यांनी आम्हाला परत पाठवले नाही. कढई धुऊन त्यांनी बटाट्याचे बारीक किस व्हिनेगरवर परतून दिले, काकडी सुरीच्या पात्याने ठेचून तिला लसूण लावला आणि तळलेले शेंगदाणे काळ्या व्हिनेगरमध्ये भिजवून समोर ठेवले.

त्या काकडीवर आणि शेंगदाण्यांवर माझे मन बसले. आपण खमंग काकडीत दाण्याचे कूट घालतो. येथे दाणे अख्खे आणि शेजारच्या वाडग्यात. दोन्ही एका घासात घेतले की चव थेट आपल्या घरची होते. व्हिनेगरची बाटली शेजारच्या शान्शी प्रांताची होती आणि भाचीने तिच्यावरचे लेबल वाचून मला सांगितले की ते ज्वारीपासून केलेले आहे. चिनी भाषेत ज्वारीला गाओलियांग म्हणतात. ज्वारीच्या कोठारात जन्म गेलेल्या मला ज्वारी आंबवून, काळी करून, काकडीवर शिंपडता येते हे पन्नाशी उलटल्यावर कळले. मी तो व्हिनेगर चमच्यात घेऊन नुसताच चाखला. आंबट, थोडासा गोडसर आणि मागे धुरासारखा वास.

जेवण झाल्यावर लोंगशिंग मंदिर. याची स्थापना इसवी सन ५८६ ची. आवारात एकामागून एक मंडप आहेत आणि मागच्या बाजूच्या उंच मंडपात ग्वानयिनची काशाची मूर्ती आहे, २१ मीटरहून उंच. सोंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाच्या आज्ञेने ९७१ मध्ये ती ओतली गेली. एवढी मोठी मूर्ती एका ओतीत होणे शक्य नव्हते, म्हणून पायापासून वरपर्यंत सात टप्प्यांत ओतकाम केले. तिला ४२ हात आहेत. समोर जोडलेले दोन मूळचे काशाचे, बाजूचे नंतरच्या काळात लाकडाचे बसवलेले. मान पूर्ण मागे टाकल्याशिवाय चेहरा दिसत नाही.

ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला जो बोधिसत्त्व आपण पाहतो, तोच चीनमध्ये पोहोचला आणि काही शतकांत करुणेची देवी झाला. भव्य मूर्तीपुढे मी नमस्कार केला, पण मन गुंतले ते तिच्या आधी लागणाऱ्या मोनी मंडपात. १०५२ मध्ये बांधलेल्या या लाकडी मंडपाच्या मागच्या भिंतीवर, मुख्य मूर्तींना पाठ करून, उत्तरेकडे तोंड केलेली एक रंगीत ग्वानयिन बसली आहे. ताठ आसन नाही. एक पाय कमळावर सोडलेला, दुसरा वर दुमडून घेतलेला, गुडघ्याशी एका हाताचे मनगट दुसऱ्या हाताने सैल धरलेले आणि अंग किंचित पुढे झुकलेले. दुपारची कामे आटोपून ओट्यावर बसलेली बाई येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करते, तशी ती बसली आहे. लेखक लू शून यांनी या मूर्तीचे छायाचित्र आपल्या टेबलावर ठेवले होते, असे भाचीने सांगितले. आम्ही तेथे अर्धा तास थांबलो असू. माझ्या मते झेंगडिंगला जाऊन एकच गोष्ट पाहायची असेल, तर ती मोठी मूर्ती सोडून ही पाहावी.

पोथ्या ठेवण्यासाठी केलेले फिरते अष्टकोनी लाकडी कपाट, जुने मनोरे, तटबंदीचा भाग, तीन राज्यांच्या काळातील योद्धा झाओ युन याच्या नावाचे देऊळ, हे सर्व आम्ही पाहिले, परंतु संध्याकाळ होत आली होती आणि पाय थकले होते.

रात्री भाचीने मला तिच्या महाविद्यालयाजवळच्या एका लहान खाणावळीत नेले. तेथे प्रत्येक टेबलावर एक मोठे भांडे न विचारता येते. झाकण काढले आणि मी ओळखले. राळे! पिवळेधमक, मऊ शिजलेले, वर दाट साय धरलेली राळ्याची पेज. चिनी भाषेत तिला श्याओमी झोऊ म्हणतात. आमच्या घरी भोगीला राळ्याचा भात अजूनही होतो, पण एरवी राळे आता विसरल्यातच जमा आहेत. येथे मात्र ते रोजच्या ताटात आहेत. आजारी माणसाला, बाळंतिणीला आणि रात्री हलके जेवणाऱ्याला हीच पेज देतात. मीठ नसते, साखर नसते. गरम वाडगा दोन्ही हातांत धरून प्यायची.

आघाडीवरच्या त्या डोंगरात कोटणीस ज्या सैन्यासोबत राहिले, त्या सैन्याचे मुख्य अन्न राळे होते. तांदूळ दुर्मीळ, गहू महाग, आणि मिळेल तितके राळे. सोलापूरहून गेलेल्या डॉक्टरांनी थंडीच्या रात्री पहिल्यांदा ती पेज तोंडी लावली असेल, तेव्हा त्यांनाही घरची भोगी आठवली असेल का, हे विचारायला आता कोणी नाही. त्यांच्या मुलाला हयात राहून हे ऐकायला मिळाले असते, पण यिनहुआ १९६७ मध्येच गेले. ग्वो छिंगलान २०१२ पर्यंत जगल्या आणि अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटून गेल्या.

मी दोन वाडगे पेज प्यायले. उरलेली चटणी भाचीने तिच्या मैत्रिणींसाठी ठेवून घेतली आणि मला किलोभर राळे बांधून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा शस्त्रक्रिया विभागातला पहिला दिवस होता, म्हणून तिला लवकर वसतिगृहावर पाठवले. यजमान गाओयांगहून परतले होते आणि नव्या मागांच्या वेगाबद्दल उत्साहाने बोलत होते. त्यांचे ऐकत ऐकत मी टॉवेल नळाखाली धुतला. धूळ बरीचशी गेली. टोकाला एक फिकट करडा डाग राहिला. तो तसाच राहू द्यावा म्हणून दुसऱ्यांदा साबण लावला नाही, आणि टॉवेल पिळून खिडकीच्या दांडीवर वाळत टाकला.